पोळी रोजची, पोळी सणाची

सोलापूरच्या बाळ्यातल्या एका घरी गेलो होतो. दुसरीतली मुलगी उंबऱ्यात बसून गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. गोष्टीतली आई रोज सकाळी पोळ्या लाटायची, बाबांना डब्यात पोळी-भाजी द्यायची, मुलाला तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी करून द्यायची. मुलगी वाचता वाचता थांबली आणि आजीला म्हणाली, "आज्जी, ह्यांच्यात रोजच सण असतोय व्हय?" आजी ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असंल की. मोठी माणसं हायती ती."

सोलापुरात गव्हाची रोजची ती चपाती. पोळी म्हटली की पुरणाची, नाहीतर शेंगांची. तीही सणावाराला, पाहुणे आले तर. त्या मुलीनं वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं, एकही अक्षर चुकलं नव्हतं. शब्द पुण्याच्या स्वयंपाकघरातून आला होता, अर्थ तिनं आपल्या घरातला घातला. त्या एका शब्दामुळे गोष्टीतलं साधं नोकरदार घर तिला श्रीमंताचा वाडा झालं.

तिची वही चाळली. 'भाकरीबरोबर आपण काय खातो?' या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं, 'कोरड्यास'. त्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि वर 'भाजी' असं लिहिलेलं. कोरड्यास हा शब्द सोलापूर, मराठवाडा, सांगलीकडच्या घराघरांत आहे. कोरड्या भाकरीला ओलं करायला जे लागतं ते कोरड्यास. चतुर्थीचं रूपच नाम होऊन बसलं. वांग्याचं असो, डाळीचं असो, पिठल्याचं असो, त्या दिवशी भाकरी ज्याच्यात बुडते ते कोरड्यास. 'भाजी' या शब्दात हा अर्थ पुरता मावत नाही, कारण भाजी भाकरीशिवायही भाजीच असते.

ती रेघ बरोबर होती की चूक, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. बोलीच्या बाजूनं बोलणारे तो भावनेनं सोडवतात, प्रमाणभाषेच्या बाजूनं बोलणारे नियमानं. दोघांच्याही हातून काहीतरी निसटतं.

आधी आपला जिल्हा कसा आहे ते पाहू. बार्शी-करमाळ्याची मराठी मराठवाड्याकडे झुकते. सांगोल्याची माणदेशाकडे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड घरात आहे, मराठी बाजारात आणि कचेरीत. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. शिवाय दख्खनी उर्दू आहेच. बैलांचा सण माळशिरसकडे बेंदूर, अक्कलकोटकडे कारहुणवी, बार्शीकडे पोळा. आणि तिन्हींच्या तिथी वेगळ्या. 12 जानेवारी 1931 रोजी फासावर गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं वाचा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या नावांतूनच शहराच्या गल्ल्या दिसतात.

अशा ठिकाणी एकच शब्द दर दोन कोसांवर नवा अर्थ घेऊन उभा राहतो. पुण्याच्या माणसाला गड्डा म्हणजे कोबीचा. सोलापूरकराला गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर भरते ती. 'गड्ड्याला आलास का?' या प्रश्नाचा कोबीशी काही संबंध नाही. मराठी घरात ताई ही मोठी बहीण, अक्कलकोटच्या कन्नड घरात तायी ही आई. सावकार म्हटलं की बहुतेक महाराष्ट्राला व्याजाची चोपडी आठवते. सीमेलगतच्या गावांत मात्र एखाद्या मोठ्या शेतकऱ्याला आदरानं 'सावकार' म्हणून हाक मारतात आणि त्यात कर्जाचा मागमूसही नसतो. 'पोरगं रडायला लागलंय' हे पुण्यात ऐकलं तर ते आत्ता रडू लागलं असा अर्थ होतो. आपल्याकडे ते रडत आहे, कदाचित तासाभरापासून. याच रूपाचं कुठे 'करायलाय' झालं, कुठे 'करालाय', पेठेत शिरलं की 'करलालाय'. आणि 'बे'! बाहेरून आलेल्या शिक्षकाला तो उर्मटपणा वाटतो. आपल्याकडे दोन जिवलग मित्रांच्या बोलण्यात तो नसेल तर त्यांचं काहीतरी बिनसलं आहे असं समजावं.

हे फक्त सोलापूरचं नाही. डांगर घ्या. खानदेशात तो लाल भोपळा, विदर्भात खरबूज, पुण्या-कोकणाकडे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. मराठीच्या तिन्ही टोकांची माणसं एका पंगतीला बसली आणि 'डांगर वाढा' म्हणाली तर वाढपी काय आणणार?

प्रमाणभाषेची बाजू नेमकी इथून सुरू होते. ती बाजू जोरदार आहे. एकेकाळी पायली आणि मण बाजारागणिक बदलत. एका पेठेत घेतलेलं धान्य दुसऱ्या पेठेत मापलं की कमी भरे, आणि तोटा नेहमी अडाणी शेतकऱ्याचाच होई. 1956 च्या कायद्यानं किलो आणि लिटर आले आणि त्या फसवणुकीची एक वाट बंद झाली. शब्दांचंही काही प्रमाणात तसंच आहे. दवाखान्यात म्हातारी 'ढाळ लागलेत', म्हणजे जुलाब होताहेत, असं म्हणते आणि मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरला ते कळत नाही, तेव्हा नुकसान म्हातारीचं होतं. सातबाऱ्यावरचा, करारातला, न्यायालयाच्या निकालातला शब्द सगळीकडे एकाच अर्थाचा हवा. नाहीतर ज्याच्याकडे वकील आहे त्याचा अर्थ खरा ठरतो.

आणखी एक गोष्ट. विड्या वळणाऱ्या एका बाईंशी याच विषयावर बोलत होतो. घरची भाषा शाळेत यावी, असं काही मी म्हणालो. त्या सुपातलं पान कात्रीनं कापत शांतपणे म्हणाल्या, "आमची भाषा लेकराला येतीच की. जी येत नाही ती शिकायला धाडलंय त्याला." बोलीचा कैवार घेणाऱ्यांनी या वाक्यासमोर थोडं थांबलं पाहिजे. आपण मुलाखती, अर्ज, स्पर्धा परीक्षा प्रमाण मराठीत पार केल्या. आता ज्यांची पहिली पिढी शाळेत आली आहे त्यांना 'तुमची बोलीच गोड' म्हणणं म्हणजे आपण चढून झाल्यावर शिडी काढून घेणं. तो अन्याय प्रेमापोटी झाला तरी अन्यायच.

आता दुसरी बाजू. बोलीतला शब्द हा प्रमाण शब्दाचा मळका अवतार आहे, या समजुतीवर ती लाल रेघ उभी आहे, आणि ती समजूत चुकीची आहे. शेतकऱ्याला विचारा. त्याच्या तोंडी शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात थंडीवर आणि जमिनीच्या ओलीवर येणारी. 'हायब्रेट' म्हणजे खरिपातली संकरित ज्वारी. साठच्या दशकात संकरित वाण आले आणि तो इंग्रजी शब्द शेतकऱ्यानं एका धान्यापुरता आवळून घेतला. 'हायब्रेटची भाकर' या दोन शब्दांत चव, भाव, दुष्काळातले दिवस सगळं येतं. पुस्तकात या दोन्हींना 'ज्वारी' म्हणतात. या एका ठिकाणी तरी ज्ञान बोलीकडे जास्त आहे आणि प्रमाणभाषेकडे कमी.

मागावरही हेच. धोटा, कांडी, ताणा, बाणा. हे शब्द बोलता बोलता हात जे करतात ते ज्यानं पाहिलं आहे त्याला कळेल की हे शब्द म्हणजेच त्या कसबाचं शिक्षण. मराठी माग, कन्नड मग्ग, तेलुगू मग्गम. तीन घरांत एकच यंत्र आणि जवळजवळ एकच नाव. त्यात शुद्ध कोणतं?

साहित्यानं हा निवाडा केव्हाच दिला आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' 1984 साली आलं. बारा माशांचा तोळा. अकराच मासे भरले तर ते सोनं खोटं, कमअस्सल. सराफकट्ट्यावरचं हे माप गावानं माणसाला लावलं, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला शिवी म्हणून. लिंबाळे यांनी तीच शिवी पुस्तकाच्या कपाळावर लिहिली. 'अनौरस' हा प्रमाण शब्द तिथे घातला असता तर पुस्तक राहिलं असतं, घाव गेला असता. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी चित्रपटाला 'फँड्री' नाव दिलं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रेक्षकांना तो शब्द ठाऊक नव्हता. चित्रपट पाहून बाहेर पडताना मात्र त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

शुद्धलेखनाचे जे नियम आपण आज पाळतो त्यांनाही हे मान्य आहे. साहित्य महामंडळाच्या नियमांत पात्राच्या तोंडची भाषा त्या पात्राला साजेशी लिहिण्याची मुभा आहे. कादंबरीतल्या म्हातारीला 'कोरड्यास' म्हणता येतं. दुसरीतल्या मुलीला येत नाही. ती काल्पनिक नाही म्हणून?

ही ओढाताण फक्त आपल्याकडे नाही. नायजेरियातल्या दोन मोठ्या भाषांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, आणि त्या दोन्ही आपल्याला काही शिकवतात. योरुबा भाषेत सॅम्युअल अजायी क्राउदर या धर्मगुरूनं 1843 साली शब्दसंग्रह छापला. पुढे बायबलच्या भाषांतरातही त्याचाच मोठा वाटा होता. तो ओयो भागाचा. लिखित योरुबा ओयोच्या बोलीकडे झुकली ती तेव्हापासून. इजेबू किंवा एकिती भागातल्या मुलाला घरचा शब्द वेगळा, शाळेतला वेगळा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पुण्याची मराठी क्रमिक पुस्तकांत गेली, त्याची ही जुळी कथा. एका भागाला मान मिळाला, बाकीच्यांना शिकावं लागलं, पण सर्वांची मिळून एक लिखित भाषा उभी राहिली.

इग्बो भाषेत याच्या उलट करून पाहिलं. कुणा एका भागावर मेहेरनजर नको म्हणून थॉमस डेनिस या मिशनऱ्यानं अनेक बोलींचं मिश्रण केलं आणि 1913 साली त्या 'युनियन इग्बो'त बायबल निघालं. हेतू न्यायाचा होता. पण झाली ती कुणाच्याच तोंडची नसलेली भाषा. इग्बो लेखक चिनुआ अचेबे यांचा तिच्यावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही. 1999 साली ओवेरीच्या एका मोठ्या व्याख्यानात ते मानक इग्बोत न बोलता आपल्या भागाच्या बोलीत बोलले आणि त्यावरून बराच वाद झाला. इग्बोत 'अक्वा' हे एकच अक्षररूप सूर बदलला की रडणं, कापड, अंडं किंवा पलंग होतं. अशा भाषेत प्रदेशागणिक सूर आणि शब्द बदलत असताना टेबलावर बसून मिश्रण करणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना करावी.

म्हणून 'सोलापुरी प्रमाणभाषा' तयार करा, पुस्तकं सोलापुरीत काढा, ही मागणी कुणी केली तर मला ती पटणार नाही. कुठली सोलापुरी? सांगोल्याची की बार्शीची? करालाय की करलालाय? जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आपण एक नवं पुणं तयार करू आणि उरलेल्या दहा तालुक्यांच्या वह्यांवर पुन्हा लाल रेघा ओढू.

आणि एक पेच याहून खोल आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या मुलाला 'कोरड्यास'ही परकं आणि 'भाजी'ही परकीच. 'मातृबोलीतून शिक्षण' या घोषणेत त्याची आई कुठे आहे? बालभारती कन्नड आणि तेलुगूतही पुस्तकं काढते, पण पुष्कळ पालक मुलांना मराठी किंवा इंग्रजी शाळेतच घालतात. हे मूल मराठी शिकलं ते गल्लीत, क्रिकेट खेळताना, वाण्याच्या दुकानात. त्याची मराठी बोलीच आहे, फक्त ती आईकडून आलेली नाही, शेजाऱ्याकडून आली आहे. त्याची वही तपासताना लाल रेघ ओढली तर आपण त्याच्या शेजारावर रेघ ओढतो.

सांगलीजवळच्या कुपवाडात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी अशा शेजाराचा अभ्यास केला आणि तो 1971 साली प्रसिद्ध झाला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू शेकडो वर्षं एका गावात नांदत आल्या. वाक्याची घडण इतकी एकमेकींसारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. पण शब्द मात्र प्रत्येक घरानं आपापले जपले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माणसं व्याकरण सहज वाटून घेतात, शब्द सोडत नाहीत. शब्दात घर असतं.

हे सगळं तोलून माझं मत असं होतं.

पहिली ते चौथी, जिथे प्रश्न अर्थाचा आहे तिथे घरचा शब्द बरोबर धरावा. पूर्ण गुण द्यावेत. शेजारी पुस्तकातला शब्द लिहून द्यावा, पण काट मारू नये. पाचवीपासून अर्ज, निबंध, पत्र यांत प्रमाण शब्दाचा आग्रह धरावा आणि तो ढिला करू नये, कारण विडी वळणाऱ्या त्या बाईंचं म्हणणं खरं आहे. मुलाला दोन्ही शब्द यायला हवेत. कोणता कुठे वापरायचा हे कळायला हवं. ते कळायचं तर पहिल्या शब्दाची आधी लाज वाटता कामा नये. लाज वाटली की मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल दुसरा शब्दही शिकत नाही. हे मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून अनेकदा पाहिलं आहे.

शिक्षकांची अडचण मला मान्य आहे. नांदेडहून किंवा रत्नागिरीहून बदली होऊन आलेल्या शिक्षकानं कोरड्यास, माळवं, कारहुणवी हे शब्द कुठून ओळखायचे? चाळीस वह्या समोर आहेत, परगावची बस पकडायची आहे. त्याला दोष देऊन भागणार नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागेल. आपलं सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्याचं आहे. 2004 मध्ये ते निघालं तेव्हा जिल्ह्याच्या गरजा ओळखून काम व्हावं हीच अपेक्षा होती. दाते आणि कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले आणि शब्दांपुढे प्रांतांच्या खुणा दिल्या, तेही आजच्या साधनांशिवाय. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण अलीकडे केलंच आहे. या पायावर अकरा तालुक्यांचा एक शब्दकोश आपल्याला काढता येईल. त्यात कन्नड, तेलुगू, दख्खनी घरांतले मराठीत वावरणारे शब्दही हवेत. आणि त्यातून निवडलेल्या दोनेकशे शब्दांची छोटी पुस्तिका बदलीच्या आदेशाबरोबर प्रत्येक नव्या शिक्षकाच्या हाती पडावी.

यात घाई हवी ती मागावरच्या शब्दांसाठी. जुनी गिरणी गेली. यंत्रमाग भंगारात निघतात तेव्हा सुटे भाग किलोवर विकले जातात आणि त्यांची नावं कुणीच विकत घेत नाही. कांडी भरणाऱ्या बायकांची पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा शिलालेख आहे. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत तो गणला जातो. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कन्नडच्या मुलखात, कन्नडमधलं नाव असलेल्या गावात, मराठी ओळ. जो हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा भाव आहे, आणि 'वाचील' यासाठी त्या माणसानं दगडात 'वाछि' असं कोरलं आहे. आज कुठल्याही वहीत या शब्दावर रेघ येईल.

बाळ्याच्या त्या मुलीला मी विचारलं, "मग भाजी आणि कोरड्यास एकच का?" तिनं थोडा विचार केला. "मेथीची भाजी डब्यात नेता येती," ती म्हणाली, "कोरड्यास सांडतंय."